म्हातारपणाचा पगार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



समारंभाच्या चिटणीसांनी मला ‘शिक्षण’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. मास्तर मनुष्य दिसला की त्याला शिक्षणावर बोलावयास उभे करावयाचे, हा आपल्याकडील रिवाजच आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने मुलामुलींच्या शिक्षणासाठी काय केले, हे माझ्यापेक्षा समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांना अधिक ठाऊक आहे. त्यांनीच दिलेल्या वह्यापुस्तकांवर माझ्यासारखे कित्येक शिकले. तेव्हा चिटणीससाहेबांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. ज्यांना शिक्षण कधी मिळालेच नाही, आणि ज्यांचे आता शिकावयाचे वयही उरले नाही, अशा आपल्या गल्लीतील माणसांविषयी मला आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. म्हातारी माणसे, विधवा भगिनी आणि अपंग यांना सरकारकडून दरमहा जी रक्कम मिळते, तिच्याविषयी मी बोलणार आहे.

या रकमेला कागदोपत्री पेन्शन म्हणतात. आपल्या निपाणी-चिकोडी भागात मात्र तिला कोणी पेन्शन म्हणत नाही. ‘पगार’ म्हणतात. ‘म्हातारीचा पगार झाला का?’, ‘विधवा पगार बंद पडला’, असे आपण रोज ऐकतो. पूर्वी मला या शब्दाचे हसू यावयाचे. ज्या बाईने जन्मभर कोणाची नोकरी केली नाही तिला पगार कसला? पण विचार केला तेव्हा वाटले की लोकांनी शब्द अगदी बरोबर निवडला आहे. जिने चाळीस वर्षे सुपात तंबाखू घेऊन विड्या वळल्या, जिने दुसऱ्याच्या शेतात भांगलण केली, तिने काम केलेच होते. म्हातारपणी काही मिळावे अशी व्यवस्था मात्र तेव्हा कोणी केली नव्हती. तो राहिलेला पगार आता थोडाथोडा येतो, एवढेच.

ही गोष्ट मेहेरबानीची नव्हे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात म्हटले आहे की, बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उपलब्ध करून द्यावा. ‘ऐपतीप्रमाणे’ या शब्दात सरकारला पुष्कळ पळवाट आहे खरी. तरी पण हक्क हा शब्द तेथे आहे. उत्तर प्रदेशाने १९५७ साली निराधार वृद्धांना पेन्शन देण्यास सुरुवात केली. आपण ज्या राज्यात १९५६ साली घातले गेलो त्या तेव्हाच्या म्हैसूर राज्यात ती १९६५ साली आली, आणि निराधार विधवांसाठी कर्नाटकाने १९८४ साली निराळी योजना काढली. दिल्लीच्या सरकारला मात्र जाग यावयास १९९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून पासष्ट वर्षांवरील निराधारांना केंद्राने महिना ७५ रुपये देऊ केले.

आपल्या धर्मातही ही कल्पना नवी नाही. हजरत उमर खलिफा असताना त्यांना रस्त्यात एक आंधळा, म्हातारा यहुदी भीक मागताना दिसला. त्यांनी त्याचा हात धरून त्याला घरी नेले, जवळ होते ते दिले, आणि मग बैतुलमालच्या खजिनदाराला बोलावून सांगितले की, याच्याकडे आणि याच्यासारख्यांकडे लक्ष दे. याच्या तरुणपणी आपण याच्याकडून कर घ्यावा आणि म्हातारपणी याला वाऱ्यावर सोडावे, हा इन्साफ नव्हे. ही हकीकत अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल-खराज’ या ग्रंथात नमूद आहे. मला तिच्यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. उमर यांनी स्वतः दिलेल्या पैशावर काम संपविले नाही. ते त्यांनी खजिन्याकडे सोपविले, ‘त्याच्यासारख्यां’चे नाव घेऊन. एका माणसाला एकदा देणे निराळे आणि त्याचे नाव वहीत चढविणे निराळे.

आता आकड्यांकडे वळतो. मास्तरांच्या भाषणात हिशेब यावयाचाच.

केंद्राने ७५ रुपयांचे २०० केले ते २००६ साली. पुढे वयाची अट साठावर आणली, २००९ साली विधवा व अपंग यांचीही सोय केली, ऐंशी वर्षांवरील वृद्धांना ५०० केले, विधवांचे व अपंगांचे ३०० केले. पण साठ ते एकोणऐंशी या वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा आजही तोच २०० रुपये आहे. जवळजवळ वीस वर्षांत चहाच्या कपाची किंमत किती वाढली हे मी आपणांस सांगावयास नको. बाकीची भर राज्ये आपापल्या मगदुराप्रमाणे घालतात. आपल्याकडे पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी २००७ साली ‘संध्या सुरक्षा’ योजना निघाली. २०२१ साली तिची रक्कम १,२०० रुपये करण्यात आली, आणि विधवांची ८०० रुपये. साठ ते चौसष्ट या वयात मिळते ती याहून कमी. म्हणजे पासष्टीच्या म्हातारीला रोजचे ४० रुपये आणि विधवेला सव्वीस-सत्तावीस.

कोगनोळीच्या नाक्यापलीकडे कागलला जिची बहीण दिली आहे अशी एखादी विधवा आपल्या गल्लीत असेल तर तिला विचारा. तिच्या बहिणीला संजय गांधी योजनेचे, किंवा पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे, महाराष्ट्राकडून १,५०० मिळतात. २०२३ साली तेथे हजाराचे दीड हजार झाले. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली वृद्धांना २,००० आहेत, आणि आंध्र प्रदेशाने २०२४ सालापासून ४,००० केले. एकाच आईच्या दोन मुली, दोघींचे नवरे गेले, दोघींचा तांदूळ एकाच भावाचा, आणि मध्ये एक नाका आहे म्हणून एकीला ८०० व दुसरीला १,५००. सीमेचा वाद २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याविषयी येथे बोलणे प्रस्तुत नाही. निकाल कोणत्याही बाजूला लागो, आमच्या म्हाताऱ्या काही त्याची वाट पाहून थांबावयाच्या नाहीत, एवढेच मनात येते.

उत्पन्नाच्या अटीचाही एक मासला सांगतो. ‘संध्या सुरक्षे’साठी वार्षिक उत्पन्न ३२,००० रुपयांच्या आत असावे लागते. भागून पाहा: दिवसाला अठ्ठ्याऐंशी रुपयांहूनही कमी. इतक्या पैशांत दोन माणसे जगतात असे सरकारला वाटते, की त्याहून थोडे अधिक मिळविणारा म्हातारा श्रीमंत असे वाटते, हे मला अजून उलगडलेले नाही.

रक्कम थोडी आहे हे सर्वांनाच मान्य. मग एवढ्याशा रकमेसाठी मी आपला वेळ का घेतो आहे? याचे कारण मी घराघरांत पाहिले आहे. मुलगा चांगला असला, सून चांगली असली, तरी रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या हे म्हातारीला तोंडाने सांगावे लागते. ती दोन दिवस सांगत नाही. तिसऱ्या दिवशी तिला घेरी येते. आणि तीच म्हातारी, महिन्याला हजार-बाराशे रुपये तिच्या नावावर जमा होऊ लागले की, न सांगता गोळ्या आणते, पावशेर चहापूड आणते, आणि ईदच्या दिवशी नातवंडाच्या हातावर स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून दहाची नोट ठेवते. हा फरक बाराशे रुपयांहून मोठा आहे. आपण ट्रस्टतर्फे दर रमजानला जे शिधावाटप करतो ते चांगलेच आहे, ते बंद करावे असे मी म्हणत नाही. पण त्या पिशवीसाठी तिला रांगेत उभे राहावे लागते, आणि पगार तिच्या खात्यावर बाराही महिने येतो.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ज्यांना हा पगार मिळावयास हवा त्यांतील पुष्कळांना तो मिळत नाही, आणि त्याचे कारण बहुधा कागद हेच असते. त्यातही पहिला कागद वयाचा.

जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सर्व देशासाठी एक कायदा झाला तो १९६९ साली. आज जे पासष्ट-सत्तरीचे आहेत ते त्याच्या आधीचे. जे शाळेत गेले त्यांचे वय आमच्या जनरल रजिस्टरात आहे. पण तेथेही आम्हां मास्तरांचा पराक्रम पाहण्यासारखा आहे. कोणतेही जुने रजिस्टर उघडा, निम्मे गाव १ जूनला जन्मलेले आढळेल. मूल बापाचे बोट धरून जूनमध्ये शाळेत आले, बापाला तारीख माहीत नाही, मास्तरांनी सहा वर्षे मागे मोजून १ जून घातली, झाले. माझीही जन्मतारीख १ जूनच आहे! खरी कोणती हे आईला विचारले तर ती म्हणते, ‘पाऊस लागला होता, एवढे आठवते.’ आणि ज्या मुली शाळेत गेल्याच नाहीत, त्यांना १ जूनही नाही.

येथे मला माझीच एक चूक आपणांपुढे सांगावयाची आहे. पुष्कळ दिवस मनात होती.

२००६ साली मतदारयादीच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. मी तेव्हा तरुण होतो, नोकरीही नवीन होती. घरोघर जाऊन नावे व वये लिहून आणावयाची होती. आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहत. माझी आई आणि त्या एकाच ओट्यावर बसून विड्या वळत. मला त्यांनी अंगाखांद्यावर खेळविलेले. नवरा मुंबईला गिरणीत होता. १९८२ सालचा संप झाला, गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्या नाहीत, आणि तो मनुष्य काही परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. कपाळाला कुंकू होते, गळ्यात काळी पोत होती, घरात नवरा नव्हता. मी वय विचारले तेव्हा त्या हसल्या. ‘मला काय ठाऊक बाळ, तूच लिही. तुला किती वाटते?’ अंगाने शिडशिडीत, केसांत पांढरा धागा नाही. दुपारचा एक वाजला होता, मला भूक लागली होती, अजून वीस घरे व्हावयाची होती. मी ४५ लिहिले आणि पुढच्या दारी गेलो.

पुढे त्याच यादीवरून त्यांना ओळखपत्र मिळाले. ओळखपत्रावरून आधारकार्ड निघाले आणि त्यावर जन्मवर्ष १९६१ पडले. २०१४ साली त्या पगाराचा अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. खिडकीवरील कारकुनाने कार्ड पाहून सांगितले, तुमचे वय त्रेपन्न आहे, पुन्हा या. किती दिवसांनी, असे त्यांनी विचारले. सात वर्षांनी, असे उत्तर मिळाले. त्यांनी विधवा पगार मागितला तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा, आणि तो मनुष्य मेला की जिवंत आहे हेच कोणास ठाऊक नाही. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मेला असे कायद्याने धरता येते. पण त्यासाठी कोर्टात जावे लागते आणि वकिलाची फी ही पगाराच्या वर्षभराच्या रकमेहून अधिक होते. शिवाय मावशींनी स्वतःच मान हलविली. ‘मी माझ्या तोंडाने त्याला मेला म्हणणार नाही.’ आता यावर काय बोलावयाचे! विड्यांच्या कामाचे म्हणाल तर त्या दुसऱ्या बाईच्या पुस्तकावर वळत. कारखान्याच्या दप्तरात त्यांचे नाव कधी आलेच नाही. चाळीस वर्षे काम करून त्यांच्याजवळ आपल्या कामाचा, लग्नाचा किंवा वयाचा एकही कागद नव्हता. जो एक होता तो मी भुकेच्या घाईत लिहिलेला.

ही हकीकत माझ्या कानावर यावयास आणखी दोन वर्षे गेली, कारण मावशींना माझ्याकडे तक्रार करावयाची नव्हती. मास्तराने लिहिले म्हणजे बरोबरच असणार, अशी त्यांची समजूत.

मग मी त्यांच्यासमोर बसलो आणि इतिहासाचा तास घेतला. गांधीजींचा खून? तो त्यांच्या जन्माआधीचा, आईकडून ऐकलेला. कोयनेचा भूकंप? तो लख्ख आठवत होता. पहाटे भांडी पडली, त्या उठून अंगणात पळाल्या, आणि थोरली मुलगी पदराखाली अंगावर पीत होती. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मुलगी आमच्याच शाळेत दोन इयत्ता शिकलेली. मी जनरल रजिस्टर काढले. मुलीची जन्मतारीख १ जून १९६७! नेहमीचीच १ जून, पण वर्ष अगदी बरोबर. म्हणजे सरकारच्या दप्तराप्रमाणे मुलगी झाली तेव्हा आई सहा वर्षांची होती.

तो उतारा घेऊन मी कचेरीत गेलो. तेथील साहेब भला माणूस होता; तो प्रथम हसला आणि मग गप्प झाला. त्याने वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वयाचा अंदाज आणावयास सांगितले. तो मिळाला, आधारकार्डाची दुरुस्ती झाली, अर्ज एकदा हरवला, पुन्हा केला, आणि २०१९ साली पगार मंजूर झाला. खऱ्या वयाप्रमाणे तो २०१४ साली व्हावयास हवा होता. पाच वर्षे गेली. महिना ५०० रुपयेच धरले तरी साठ महिन्यांचे ३०,००० होतात. ते ना त्यांना मागून मिळाले, ना मिळण्याची तजवीज कायद्यात आहे. पहिला पगार आला त्या दिवशी मावशी पुड्यात बांधलेली जिलेबी घेऊन आमच्या घरी आल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, ‘तुझ्या मुलाने मला वय दिले गं.’ ते कमी कोणी केले होते, हे मी त्या दिवशी त्यांना सांगू शकलो नाही. तीन वर्षे त्यांनी पगार खाल्ला. २०२२ च्या पावसाळ्यात त्या गेल्या.

या एका गोष्टीवरून मी जे शिकलो ते येथे सांगून टाकतो. मुलांचे शाळेचे दाखले हे आईच्या वयाचे पुरावे असतात. ते फाडू नका, रद्दीत घालू नका. निकाहनाम्यावर वधूचे वय लिहिलेले असेल तर तो जपून ठेवा. आधारकार्डावरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा कोणी एजंट ‘पाचशे द्या, वय वाढवून देतो’ म्हणाला तर त्याला दारात उभे करू नका. खोटे वय एकदा चढले की खरे वय चढविण्याची वाट बंद होते. आणि आधारकार्ड हेच वयाचे अखेरचे प्रमाण, असे कोणी ठासून सांगितले तर त्याला नम्रपणे आठवण द्या की, ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून वय धरले, आधारकार्डावरून नव्हे. शाळेच्या रजिस्टराला एवढा मान मिळालेला पाहून मला मास्तर म्हणून बरे वाटले. १ जूनची आठवण होऊन थोडी लाजही वाटली.

दुसरा कागद मृत्यूच्या दाखल्याचा. या बाबतीत आपल्या समाजाची एक खास अडचण आहे, व ती आपणच दूर करू शकतो. नवरा गेला की बाई इद्दतीत बसते. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडत नाही. घरातील पुरुष दफनविधी, जियारत, चाळिसावा यांत गुंतलेले. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नोंद होते. घरी झाला तर कोणी करीतच नाही. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत विनाशुल्क होते. पुढे फी पडते, आणि वर्ष उलटले की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. इद्दत संपवून बाई बाहेर येते तेव्हा एकवीस दिवस केव्हाच गेलेले असतात, आणि कोणी तिला सांगितले नाही तर वर्षही जाते. वास्तविक नोंद करावयास तिने स्वतः जाण्याची काहीच गरज नाही. दीर, भाऊ, मुलगा, कोणीही जाऊ शकतो. इद्दतीचा आदर राखून हे काम होते. आपल्या आळसाचा दोष आपण शरियतीवर घालू नये. घरचा कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालील असेल तर केंद्राच्या कुटुंब साहाय्य योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, हेही कित्येकांच्या गावी नसते. त्यालाही हाच दाखला लागतो.

तिसरी अडचण नवीन जमान्याची. पूर्वी पगार मनिऑर्डरने येई. आता तो आधारकार्डाशी जोडलेल्या बँकखात्यात जातो, आणि एकाहून अधिक खाती असतील तर जे खाते शेवटी जोडले गेले त्यात जातो. एका आजीने गॅसच्या सबसिडीसाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले. आठ महिने ती जुन्या बँकेत चकरा मारून पगार बंद झाला म्हणून रडत होती, आणि पैसा नव्या खात्यात मुकाट्याने साठत होता. विड्या वळून आणि राख-मातीने भांडी घासून बोटांवरील रेषा पुसल्या गेल्या की यंत्र अंगठा घेत नाही, हे दुःख निराळेच. आणि दरसाल माणूस जिवंत आहे की नाही याची तपासणी होते, त्या दिवशी म्हातारी लेकीकडे गेलेली असली तर कागदावर तिचा इंतकाल होतो. अशी एक आजी मला बाजारात भेटली होती. ‘मास्तर, मी मेले म्हणे,’ असे म्हणून ती मोठ्याने हसली. तिला पुन्हा जिवंत करावयास पाच महिने लागले.

अर्ज व हुकूम कानडीत असतात, म्हणून आपली मराठी-उर्दू बोलणारी माणसे बिचकतात. त्याचा बाऊ करू नये. ‘विधवा वेतन’ आणि ‘संध्या सुरक्षा’ हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत; आणि आपली शाळेत जाणारी मुलेमुली आता कानडी चांगले वाचतात. त्यांना आजीचा कागद वाचावयास बसवा.

अपंगांविषयी थोडक्यात सांगतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. पूर्वी ज्यांना कोणी अपंग म्हणत नसे असे काही आजार आता त्यांत येतात. थॅलेसेमिया आहे, कंपवात आहे. केंद्राच्या पेन्शनला ऐंशी टक्के अपंगत्व लागते, राज्याच्या योजनेत चाळीस टक्क्यांपासून सोय आहे. तेव्हा ‘आमच्या मुलाचे थोडेच आहे’ म्हणून घरी बसू नये. टक्केवारी डॉक्टरांनी ठरवावयाची असते, शेजाऱ्यांनी नव्हे.

लाजेची गोष्ट निघतेच. ‘आमच्या घराण्यातील बाई सरकारच्या दारात?’ असे म्हणणारे मुलगे मला भेटले आहेत. त्यांतील एकाची आई शेजाऱ्यांकडून गोळ्यांना पैसे उसने घेते, हे गल्लीला ठाऊक आहे, त्याला नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे: ज्यांच्या दुकानगाळ्यांचे भाडे येते अशा दोन-चार घरांतही हा पगार जातो. मी नावे घेणार नाही. त्यांची त्यांना ठाऊक आहेत. आणि मूळ अटींत बसून, कागद पुरे करून, महिने-महिने पैसा न येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात केंद्राची वृद्धांची पेन्शन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पोचती करावी असे फर्मावले होते. कचेरीत भांडण करू नये, आवाज चढवू नये. पण ती तारीख सांगावी.

आता ट्रस्टने काय करावे? पैसा फारसा लागणार नाही. विश्वस्तांशी बोलून मी दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. आपल्या कबरस्तानच्या दफनाची नोंद आजवर सुट्या कागदांवर होत होती. यापुढे ती बांधीव वहीत होईल, मयताचे नाव, वय, तारीख व वारसाचे नाव त्यात असेल, आणि दफनाची पावती त्याच आठवड्यात घरी पोचेल, म्हणजे एकवीस दिवस चुकणार नाहीत. दुसरी वही मी स्वतः ठेवणार आहे. तिच्यात गल्लीवार प्रत्येक साठीपुढील माणसाचे, प्रत्येक विधवेचे व अपंगाचे नाव असेल. जातधर्म न पाहता, कारण ओट्यावर विड्या वळताना तो कोणी पाहिला नव्हता. वय कसे ठरविले, पुरावा कोणता, खाते कोणत्या बँकेत, शेवटचा पगार कधी आला, एवढे रकाने पुरेत. माझ्या शाळेतील दहावीच्या चार मुलींनी कानडी अर्ज भरण्याचे अंगावर घेतले आहे.

येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी दहा ते एक मी ट्रस्टच्या हॉलमध्ये बसेन. शाळेच्या जुन्या रजिस्टरांचे उतारे काढावयाचे असतील तर आदल्या दिवशी नाव सांगून ठेवावे. कोयनेचा भूकंप किंवा बहात्तरचा दुष्काळ आठवणारी माणसे घरात असतील त्यांना सोबत घेऊन यावे; ज्यांना चालवत नाही त्यांचा निरोप पाठवावा, वही घेऊन मीच घरी येईन, आणि या वेळी जेवून येईन. रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, असेल तर निकाहनामा, आणि मुलांचे शाळेचे दाखले काढून ठेवावेत.